स्तुतीची उचल

इ.स. ४०० च्या आसपासचं जग डोळ्यांसमोर आणा. रोमन साम्राज्याचे दोन भाग झालेले आहेत. पश्चिमेकडच्या भागावर होनोरियस नावाचा पोरसवदा सम्राट आहे. गादीवर बसला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. राज्य चालवतो त्याचा सेनापती स्टिलिको. या दरबारात क्लॉडियन नावाचा एक कवी आहे. मूळचा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, ग्रीक भाषेत वाढलेला, पण नाव कमावलं ते लॅटिन कवितेवर.

त्याच सुमारास इकडे विदर्भात वाकाटक घराण्याची एक शाखा वत्सगुल्म या राजधानीतून राज्य करत होती. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. सोयाबीन आणि तुरीचं, बालाजी मंदिराचं आणि पद्मतीर्थाचं वाशिम. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झालेलं आणि २०१८ पासून सरकारी यादीत ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून नोंदलेलं. एकेकाळच्या राजधानीला आता आकांक्षा बाळगण्याचा दर्जा मिळालाय, हे आपलं जाता जाता.

या दोन दरबारांचा एकमेकांशी संबंध होता असं मला सिद्ध करायचं नाही. पण दोन्हीकडे एकच उद्योग चालू होता. राज्यकर्त्याबद्दल लिहायचं आणि लिहिताना देव, दानव, स्वर्ग, नरक यांना साक्षीला बोलवायचं. त्यातून एक प्रश्न उभा राहतो. राजाला देवांच्या पंगतीला बसवणारा कवी खोटं बोलतो का? बोलत असेल तर कोणाशी?

प्रश्न जुना वाटत असेल तर आपल्या मोबाईलमधला एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाचा व्हिडिओ काढून बघा. एआयने केलेला, ढगांतून उजेड उतरतोय, मागे शंखनाद, नेता रथात. चौकातल्या फ्लेक्सवर ‘कार्यसम्राट’. वाकाटक घराण्यात सम्राट ही पदवी पहिल्या प्रवरसेनाने घेतली, आणि तिच्यासाठी बाकीचे यज्ञ सोडून चार अश्वमेध केले. आता नगरपरिषदेच्या निवडणुकीआधीच ती मिळून जाते.

ज्यांच्यावर दरबाराचा विश्वास नव्हता ते देव

क्लॉडियनची गोष्ट विचित्र आहे ती यासाठी की त्याचा दरबार ख्रिस्ती होता. होनोरियसचा बाप थिओडोसियस याने ३९१-३९२ मध्ये कायदे करून जुन्या देवांची पूजा आणि बळी बंद केले होते. तरी क्लॉडियनच्या कवितेत जुपिटर आहे, व्हीनस आहे, नरकातल्या सूडदेवता आहेत. ३९८ मध्ये होनोरियसचं लग्न स्टिलिकोच्या मुलीशी, मारियाशी झालं, तेव्हा या कवीने व्हीनसला समुद्रातल्या ट्रायटनच्या पाठीवर बसवून नवरीकडे आणलं. ४०० साली स्टिलिको कॉन्सल झाला, तेव्हा त्याने एक काळाची गुहा रचली. तिच्याभोवती आपलीच शेपटी गिळणारा साप आहे, आत युगं धातूंप्रमाणे लावून ठेवली आहेत, आणि सूर्य त्यातून स्टिलिकोच्या वर्षासाठी सोन्याचं युग निवडून काढतो.

यावर विश्वास कोण ठेवत होतं? बहुतेक कोणीच नाही. पुरावा म्हणून एक छोटी गोष्ट पुरेशी आहे. ३९४ मध्ये फ्रिगिडस नदीजवळच्या लढाईत वादळी वारं शत्रूच्या तोंडावर आलं आणि थिओडोसियस जिंकला. क्लॉडियनने लिहिलं की वाऱ्यांचा देव इओलस याने आपल्या गुहा उघडल्या, आकाश सम्राटाच्या बाजूने लढलं. पुढे संत ऑगस्टीनने ‘देवाची नगरी’ या ग्रंथात हीच ओळ उद्धृत केली. कवी ख्रिस्ताला मानणारा नाही, असंही सांगितलं. पण उद्धृत करताना इओलसचा तुकडा गाळला. देव बदलला, वारं तेच राहिलं, आणि वारं ज्याच्या बाजूने होतं तो सम्राटही तोच राहिला.

मग ‘कवी खोटं बोलतो’ हा आरोप लुळा पडतो. खोटं बोलायला फसणारा कोणीतरी लागतो, आणि व्हीनस खरोखर समुद्र ओलांडून आली असं मानणारा माणूस त्या लग्नाच्या मांडवात सापडला नसता. बचाव करणारे इथेच थांबतात. म्हणतात, अलंकार आहे हो, कवितेला कशाला कोर्टात खेचता? आपल्याकडेही हेच ऐकू येतं. ‘भावना समजून घ्या, कार्यकर्त्यांचं प्रेम आहे.’

मला हा बचाव तितकाच लुळा वाटतो. ज्या गोष्टीवर कोणाचाच विश्वास नाही तिच्यासाठी रोममध्ये ट्राजनच्या चौकात कवीचा ब्राँझचा पुतळा उभा राहत नाही. क्लॉडियनचा राहिला. सिनेटच्या विनंतीवरून दोन्ही सम्राटांनी उभारला, आणि खालच्या ओळींत त्याला होमर आणि व्हर्जिलच्या जोडीला बसवलं. म्हणजे ते देव काहीतरी काम करत होते. कोणतं, ते बघू.

उपाशी बाई आणि नरकातला मंत्री

३९७ मध्ये उत्तर आफ्रिकेचा सेनापती गिल्डो याने रोमचं धान्य अडवलं. रोमचं पोट आफ्रिकेच्या गव्हावर चालायचं, त्यामुळे हे गळा धरण्यासारखंच होतं. पुढच्या वर्षी क्लॉडियनने त्यावर कविता लिहिली. तिच्यात रोम ही नगरी बाई होऊन स्वर्गात जाते. पण ती जगज्जेती देवता राहिलेली नाही. गाल बसलेत, आवाज निघत नाही, शिरस्त्राण डोक्यावर ढिलं झालंय, भाल्याला गंज चढलाय. ती जुपिटरकडे विजय मागत नाही, भाकर मागते.

इथे अद्भुताने सत्य झाकलेलं नाही, उघडं केलेलं आहे. जगावर राज्य करणारं शहर दुसऱ्याच्या शेतातल्या धान्यावर जगतं, हे दरबारात सरळ वाक्यात कोण बोललं असतं? देवतेला उपाशी दाखवलं म्हणून ते बोलता आलं.

आता दुसरी कविता घ्या. रुफिनस हा पूर्वेकडच्या दरबारातला बलाढ्य मंत्री, स्टिलिकोचा वैरी. ३९५ च्या नोव्हेंबरमध्ये कॉन्स्टँटिनोपलजवळ सैनिकांनी त्याला ठार केलं. क्लॉडियनने त्याच्यावर लिहिलेली कविता एका खऱ्या शंकेने सुरू होते. हे जग देव चालवतात की सगळा योगायोग? दुष्टांची भरभराट बघून माझी श्रद्धा डळमळली होती, असं कवी म्हणतो. मग नरकात सूडदेवतांची सभा भरते. पृथ्वीवर चांगले दिवस आलेत हे त्यांना सोसत नाही. त्यातली एक म्हणते, मी लहानपणापासून वाढवलेला एक माणूस आहे, त्याला पाठवू. तो रुफिनस.

कविता जोरदार आहे. पण ती वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. रुफिनसला त्या पदावर बसवलं कोणी? थिओडोसियसने. म्हणजे क्लॉडियनच्या धन्याच्या बापाने. गिल्डोही थिओडोसियसच्या राज्यातच आपल्या जागेवर टिकून होता. एखादा माणूस थेट नरकातून आला असं एकदा ठरलं की त्याच्या नेमणुकीच्या कागदावर सही कोणाची होती, हे विचारायचं राहून जातं.

एकच कवी, एकच दरबार, तेच देव. एका कवितेत देवांनी लपलेली गोष्ट पुढे आणली, दुसरीत पुढे असलेली गोष्ट लपवली. तेव्हा ‘देव आले म्हणजे खोटं’ हेही चालत नाही आणि ‘देव आले म्हणजे नुसती कविता’ हेही चालत नाही. अद्भुत आल्यामुळे राज्यकर्त्याची जबाबदारी वाढली की माफ झाली, एवढं बघावं लागतं.

ताम्रपटाच्या दोन भाषा

आता वाशिमला येऊ. राजशेखर या कवीने साधारण इ.स. ९०० च्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांची गोष्ट आहे. सरस्वतीचा मुलगा रुसून निघून जातो. पार्वती त्याला बांधून ठेवायला साहित्यविद्या निर्माण करते. ती देशोदेशी त्याच्या मागे फिरते आणि शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्यांचं लग्न लागतं. खुद्द कवितेचं सासर-माहेर जुळलं ते वाशिमला! वाशिमच्या किती शाळांत ही गोष्ट सांगतात कोण जाणे.

राजशेखराने हे नगर उगाच निवडलेलं नाही. वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात होतं, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. आज ते पूर्ण मिळत नाही, पण काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात त्याचं नाव कालिदासाच्या जोडीने घेतलं. रसासाठी जुन्या कथेत बदल करण्याचा दाखला म्हणून. विषय होता, रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणणं. ज्याच्या बापाने चार अश्वमेध केले तो राजा लिहायला बसतो आणि बायकोच्या रागापुढे हात टेकणारा देव निवडतो, याची मला गंमत वाटते. देवाला माणसाच्या उंचीवर आणणं हाही अद्भुताचा एक वापर आहे.

सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती, याला इतिहासकार दुसरा विंध्यशक्ती म्हणतात. त्याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमला सापडला. त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी, वत्सगुल्म इथून दिलेला. नांदीकडच्या म्हणजे नांदेडच्या उत्तरेकडचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची ही सनद आहे. तिची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ताम्रपट दोन भाषांत आहे. सुरुवातीची वंशावळ संस्कृतात. त्यात अग्निष्टोम, वाजपेय, चार अश्वमेध, सम्राट, धर्ममहाराज. खालचा व्यवहाराचा भाग प्राकृतात.

आणि त्या प्राकृत भागात काय आहे? या गावाला कशाकशातून सूट आहे, त्याची यादी. या गावात सैनिक शिरणार नाहीत. दूध आणि फुलं घेतली जाणार नाहीत. पाळीपाळीने बैल द्यावे लागणार नाहीत. चराई, चामडं, कोळसा यांची मागणी होणार नाही. मीठ खणायला कोणी येणार नाही. आलेल्या अंमलदारांना खाटा आणि स्वयंपाकाची भांडी पुरवावी लागणार नाहीत.

सूट ज्याची द्यावी लागते ते बाकीच्या गावांत चालू असतं, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. म्हणजे धर्ममहाराजाचं राज्य रोजच्या जगण्यात कसं दिसत होतं, तर कोणीतरी येतं आणि दूध, बैल, खाट मागतं. सूट मिळाली ती दान घेणाऱ्यांच्या फायद्यासाठी, म्हणजे गावातल्या कुणब्याचं दूध त्याच्याच घरी राहिलं असेल असंही नाही. वरच्या संस्कृत ओळींत यज्ञाचा धूर स्वर्गापर्यंत जातो, खालच्या प्राकृत ओळींत गावाचा बैल कोणाच्या गाडीला जुंपायचा ते ठरतं.

या शाखेचा सर्वांत गाजलेला राजा हरिषेण. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं आणि तिथे शिलालेख लिहवला. घराण्याचा मूळपुरुष पहिला विंध्यशक्ती याची तुलना त्यात इंद्राशी आणि विष्णूशी आहे. तो रागावला तर देवही त्याला आवरू शकत नसत. हे सगळं बौद्ध भिक्षूंच्या विहाराच्या दारात! ख्रिस्ती दरबारात जुपिटर, तसा भिक्षूंच्या ओसरीत इंद्र. भिक्षूंना त्यात काही खटकलं असेल असं वाटत नाही. राजस्तुतीची भाषा ठरलेली असते, आणि ती धर्मापेक्षा जास्त टिकते.

त्याच लेखात पुढे मात्र दुसराच सूर लागतो. आयुष्य, तारुण्य, संपत्ती, सुख, सगळं टिकणारं नाही, हे जाणून मंत्र्याने आई-वडिलांसाठी हे लेणं दिलं. देवांनाही न आवरणारा राजा आणि काहीच न टिकणारं जग, दोन्ही एकाच भिंतीवर. आणि भिंतीने स्वतःच त्यात भर घातली. हरिषेणाचा श्लोक येतो तिथे कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची नावं आहेत. पण क्रियापद झिजून गेलंय. या देशांचं त्याने काय केलं? जिंकले, मांडलिक केले, की नुसते घाबरवले? अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. हरिषेणानंतर थोड्याच काळात हे घराणं संपलं. तिकडे स्टिलिकोचा ४०८ मध्ये शिरच्छेद झाला आणि ४१० मध्ये ॲलरिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. सोन्याचं युग दहा वर्षंही पुरलं नाही.

पृथूचे भाट

इथे स्तुतीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. राजाला राम म्हटलं की त्याच्यावर रामासारखं वागण्याची जबाबदारी येते. स्तुती ही पट्टी असते, तिच्यावर राजाला मोजता येतं.

विष्णुपुराणात याची मूळ गोष्ट आहे. पृथू हा पहिला खरा राजा मानला जातो. तो जन्मतो त्याच वेळी सूत आणि मागध, म्हणजे भाटही, जन्मतात. ऋषी त्यांना सांगतात, राजाची स्तुती करा. ते विचारतात, हा आजच जन्मलाय, याने अजून काहीच केलेलं नाही, आम्ही स्तुती कशाची करायची? ऋषी म्हणतात, हा पुढे जे करणार आहे त्याची करा. भाट गातात. पृथू ऐकतो आणि मनाशी ठरवतो की यांनी जे जे सांगितलं ते मी करून दाखवीन आणि जे टाळावं म्हणाले ते टाळीन.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. मुकादमाकडून हंगामाआधी पैसे घ्यायचे आणि नंतर कोयत्याने फेडायचे, याला उचल म्हणतात. पृथूने स्तुतीची उचल घेतली. पुढे पृथ्वीला दुष्काळातून बाहेर काढून, तिचं दोहन करून त्याने ती फेडली. भागवतात हीच गोष्ट आणखी कडक झाली आहे. तिथे पृथू भाटांना थांबवतो. गुण अजून दिसलेच नाहीत, तर स्तुती कसली, असं म्हणतो.

मग सगळ्या स्तुतीकडे आपण उचल म्हणून बघावं का? फ्लेक्सवरच्या ‘विकासपुरुष’ला आगाऊ दिलेलं कर्ज समजावं?

गोष्टीत एक गोष्ट आणखी आहे, आणि सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. पृथूचा बाप वेन. त्याने जाहीर केलं होतं की यज्ञाचा देव मीच, हवी मलाच द्या. ऋषींनी त्याला मंत्रलेल्या कुशांनी ठार केलं. म्हणजे पृथूची स्तुती करा असं सांगणारे ऋषी हे आदल्या राजाला खाली खेचलेले लोक आहेत. उचल देणाऱ्याकडे ती वसूल करण्याची ताकद होती. पृथूला ते माहीत होतं.

ऊसतोडीची उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात अंगावर राहते. कारण मुकादम हिशेब ठेवतो. राज्यकर्त्याला दिलेल्या स्तुतीचा हिशेब कोण ठेवतं? क्लॉडियन स्टिलिकोकडे वसुलीला जाऊ शकत नव्हता. तो त्याच्याच ताटात जेवत होता. जिथे मोजण्याची परवानगी नाही तिथे पट्टी म्हणजे भिंतीवर टांगलेली शोभेची वस्तू.

देवीच्या मूर्तीखालची पोकळी

आता कठीण प्रश्न. हेतू चांगला असेल तर?

दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत गद्यकथेचा आठवा उच्छ्वास विदर्भातल्या राज्याच्या ऱ्हासाची गोष्ट सांगतो. वा. वि. मिराशी यांच्या मते त्यात वाकाटकांच्या शेवटाची आठवण आहे. चैनीत बुडालेला तरुण राजा, गोड बोलून त्याला आणखी बुडवणारा खुशमस्कऱ्या, बाजूला पडलेला म्हातारा मंत्री, आणि संधी साधणारा शेजारी अश्मकाचा राजा. राजा मारला जातो. त्याच्या लहान मुलाला वाचवायला विश्रुत नावाचा तरुण पुढे येतो.

विश्रुत काय करतो? तो राणीकडून जाहीर करवतो की विंध्यवासिनी देवीने स्वप्नात दर्शन दिलं. अमक्या दिवशी बंद देवळातून राजपुत्र एका तरुणाबरोबर बाहेर येईल, असं देवी म्हणाली. मग तो मूर्तीखाली पोकळी करून त्यात मुलासह लपतो. लोक देऊळ तपासतात, दार लावतात. ठरल्या वेळी दोघं बाहेर येतात. लोक थक्क होतात, साष्टांग नमस्कार घालतात, राज्य सावरतं.

विश्रुताचा हेतू चांगला आहे, मुलगा खरा वारस आहे, शत्रू नीच आहे. तरी वाचताना पोटात थोडं ढवळतं. दंडीने आपल्याला, म्हणजे वाचकाला, पोकळी दाखवली. विदर्भाच्या प्रजेला दाखवली नाही. आपण पुस्तकाबाहेर आहोत म्हणून हसतो. देवळाच्या अंगणात असतो तर हात जोडले असते. आणि तेव्हा वारस खरा आहे की खोटा हे ठरवायचं साधनच आपल्या हातात उरलं नसतं, कारण खोट्या वारसालाही पोकळी तेवढीच लागते. चांगल्या माणसाने चमत्कार वापरला की वाईट माणसासाठी तो खड्डा खणून तयार असतो. हेतूच्या चांगुलपणाने हे भरून निघत नाही.

राजाच्या वरचा देव

याचा अर्थ राजकारणातून अद्भुत हाकलून द्यावं, असा मी घेत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. ‘गुरुचरित्रा’त एका रजकाची गोष्ट आहे. बादशहाचा थाट बघून त्याच्या मनात इच्छा उठते. गुरू म्हणतात, पुढच्या जन्मी तू राजा होशील. तो बिदरला बादशहा होतो. मांडीला फोड येतो, हकीम हरतात, आणि तो गाणगापूरला येतो. गुरू त्याला हाक मारतात ती ‘रजका’ म्हणून! या गोष्टीत सत्तेला समजावून घेणंही आहे, कारण परक्या राजाची गादी गुरूच्याच आशीर्वादातून आली असं ती सांगते. पण त्याच दमात ती राजाला त्याचं परटाचं नाव परत देते. इथे देव राजाच्या बाजूला उभा नाही, वर आहे.

भागवतातली पृथ्वी गाय होऊन ब्रह्मदेवाकडे रडत जाते. रोमही जुपिटरकडे रडत गेली होती, पण ती एका बंडखोराची तक्रार घेऊन. पृथ्वीची तक्रार माजलेल्या राजांच्या रूपात आलेल्या दैत्यांची आहे, त्यांच्या सैन्याच्या भाराची आहे. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त अवताराची गोष्टच उलटी करून बळीला कुणब्यांचा राजा केलं. दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणणारी बाई आजच्या कुठल्याही राजाला बळी म्हणत नाही. तिच्या वाक्यात क्रियापद ‘येवो’ आहे. बळी कधीच गादीवर नसतो, म्हणून गादीवरचा प्रत्येक जण त्याच्यापुढे उणा ठरतो. याहून चांगली पट्टी मला माहीत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य आपण बहुधा दुसऱ्या पक्षाच्या भक्तांसाठी वापरतो. आपल्या आवडत्या माणसाचा व्हिडिओ येतो तेव्हा ते आठवत नाही. तेव्हा आपण क्लॉडियनच्या बचावात म्हणतो, अलंकार आहे, कोण खरं मानतं?

कोणी खरं मानत नाही, हे खरंच आहे. मिलानच्या दरबारातही कोणी मानत नव्हतं. पण ढगांतून उतरलेल्या माणसाला रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल विचारायला जीभ रेटत नाही. आणि विरोधक राक्षस ठरला की त्याला काल मांडीवर कोणी बसवलं होतं, हे विचारायला वेळ राहत नाही. विश्वास न ठेवताही एवढं काम होऊन जातं.

तेव्हा तो व्हिडिओ पुढे पाठवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पाठवणाऱ्याला एवढंच विचारीन की यातल्या देवाने तुमच्या नेत्यावर कुठलं ओझं टाकलं? पारिजात आणणारा कृष्ण निदान सत्यभामेला उत्तर देणं लागत होता. पृथू ऋषींना लागत होता. तुमचा कोणाला लागतो? उचल दिली असेल तर हंगाम संपल्यावर हिशेबाला बसायची तुमची तयारी आहे का?

वाशिमच्या त्या ताम्रपटातली यज्ञांची यादी आज बहुतेकांना अर्थ विचारल्याशिवाय कळणार नाही. दूध, फुलं, बैल, खाट, कोळसा मात्र लगेच कळतात. सैनिक गावात शिरणार नाहीत, हे तर आणखी लवकर.